न संपणारी दुरुस्ती : विंडो मॅनेजरची चार दशकं

संगणकाच्या पडद्यावर खिडकी उघडली की ती कुठे बसेल, किती मोठी असेल, तिच्याभोवती चौकट कशी येईल आणि आपण टाइप केलेलं अक्षर दहा उघड्या खिडक्यांपैकी नेमकं कुठे पडेल, हे कोणीतरी ठरवत असतं. विंडोज आणि मॅकमध्ये हे काम कंपनीने आतच बांधून टाकलेलं असतं. लिनक्स आणि युनिक्सच्या जगात मात्र त्यासाठी स्वतंत्र प्रोग्रॅम असतो. त्याला विंडो मॅनेजर म्हणतात, आणि तो आवडला नाही तर काढून दुसरा बसवता येतो. एस.टी. स्टँडावरचा वाहतूक नियंत्रक स्वतः गाडी चालवत नाही, पण कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागणार हे त्याच्याच हाती असतं. विंडो मॅनेजरचं काम साधारण तसं आहे.

या प्रोग्रॅमांचा इतिहास बहुतेक वेळा रूपाच्या अंगाने सांगितला जातो : कोणाची चौकट देखणी, कोणाचे मेनू झुळझुळीत. मला तो दुरुस्तीच्या अंगाने सांगावासा वाटतो. या क्षेत्रातलं मोठं कर्तृत्व बग शोधणाऱ्या आणि ते मिटवणाऱ्या माणसांचं आहे, असं माझं मत आहे.

मुळापासून सुरुवात करू. १९८४ मध्ये एमआयटीत प्रोजेक्ट अथेना या संगणक प्रकल्पाच्या सुमारास बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी ‘एक्स’ ही खिडक्यांची व्यवस्था उभी केली. आज वापरात असलेली तिची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ ची. पडद्यावर खिडकी काढण्याची सोय एक्स देईल, पण खिडक्यांनी वागायचं कसं हे एक्स ठरवणार नाही, असा तिच्या कर्त्यांचा निर्णय होता. ते ठरवायला बाहेरचा प्रोग्रॅम हवा. १९८७ मध्येच टॉम लास्ट्रेंज यांनी टीडब्ल्यूएम लिहिला. १९९३ मध्ये रॉब नेशन यांनी, टीडब्ल्यूएम फार मेमरी खातो म्हणून, त्याच्याच कोडमधून एफव्हीडब्ल्यूएम काढला. पुढे विंडो मेकर, ब्लॅकबॉक्स, ओपनबॉक्स, केडीई या डेस्कटॉपचा केविन, नोम या डेस्कटॉपचा मेटासिटी अशी रांगच लागली.

हे काम अवघड का, ते समजायला एक तपशील पुरे आहे. एक्सचा सर्व्हर आणि विंडो मॅनेजर हे दोन वेगळे प्रोग्रॅम. त्यांच्यात निरोपांची देवाणघेवाण चालते आणि सहसा कोणीही कोणाच्या उत्तरासाठी थांबत नाही. ‘नवी खिडकी आली आहे, तिला जागा दे’ असा निरोप मॅनेजरला मिळतो. तो चौकट तयार करतो आणि खिडकीला तिच्यात बसवायला जातो. तेवढ्या मिलिसेकंदांत ती खिडकी उघडणाऱ्या प्रोग्रॅमने ती बंदही केलेली असू शकते. मॅनेजर नसलेल्या खिडकीला हात घालतो आणि सर्व्हर चूक कळवतो. अशी चूक आली की प्रोग्रॅमच बंद करायचा, ही एक्सच्या लायब्ररीची मूळ रीत. म्हणजे एका क्षणभंगुर खिडकीपायी सगळ्या खिडक्यांचा कारभारी कोसळणार. त्यामुळे जवळपास प्रत्येक विंडो मॅनेजर चुका झेलणारं स्वतःचं फंक्शन लावतो आणि खिडकी नाहीशी झाल्याच्या चुका मुद्दाम सोडून देतो. डीडब्ल्यूएम या अत्यंत छोट्या मॅनेजरमध्येही ते आहे, आणि त्याच्या कर्त्यांनी तर सगळा कोड दोन हजार ओळींच्या आत ठेवायचं ठरवलेलं होतं.

असे बग पकडणं जिवावर येतं, कारण ते सांगून येत नाहीत. वेगवान यंत्रावर दिसतात, संथ यंत्रावर दिसत नाहीत. कारण शोधायला तपासणीचा कोड घातला की वेळेचं गणित बदलतं आणि बग दडून बसतो. ‘माझ्याकडे तर नीट चालतं’ हे डेव्हलपरचं उत्तर इथे अनेकदा अगदी प्रामाणिक असतं.

याहून मोठा पेच फोकसचा, म्हणजे टाइप केलेली अक्षरं कोणत्या खिडकीत जाणार याचा. आपण पासवर्ड टाइप करतोय, नजर कीबोर्डवर आहे, आणि मध्येच गप्पांची खिडकी वर येते. पासवर्डची उरलेली अक्षरं तिच्यात जातात आणि एंटर दाबला की समोरच्या माणसाला पोहोचतात. ही गैरसोय तर आहेच, सुरक्षेचाही प्रश्न आहे. बरं, नव्या खिडकीला फोकस द्यायचाच नाही असं ठरवावं, तर स्वतः बटण दाबून उघडलेली खिडकीही मागे लपून राहते. केविनमध्ये या प्रश्नावर लुबोश लुन्याक यांनी बरंच काम केलं. माणसाने त्या प्रोग्रॅममध्ये शेवटची कळ किंवा माऊसचं बटण कधी दाबलं, ती वेळ खिडकीसोबत नोंदवायची. नवी खिडकी ज्या कृतीतून जन्मली ती कृती सध्याच्या खिडकीतल्या शेवटच्या कृतीच्या आधीची असेल, तर तिला फोकस द्यायचा नाही. माणसाच्या हेतूचा अंदाज घड्याळावरून बांधायचा, ही कल्पना मला फार सुंदर वाटते.

पण त्या घड्याळातही खोड आहे. एक्सची वेळ ३२ बिटांत, मिलिसेकंदांत मोजली जाते. सुमारे ४९.७ दिवसांनी ती शून्यावर येते. संगणक तोवर बंदच केला नाही, तर आत्ताची कृती दीड महिन्यापूर्वीच्या कृतीहून ‘जुनी’ ठरते आणि फोकसचा सगळा न्याय उलटा होतो. म्हणून मेटासिटीत आणि केविनमध्ये दोन वेळांची तुलना साध्या लहान-मोठ्या चिन्हाने होत नाही. आकडा उलटला असेल हे धरून ती करावी लागते. कोडच्या त्या दोन-चार ओळींवरून नजर सहज पुढे जाईल, पण त्या नसतील तर बग दाखवायला सात आठवडे यंत्र चालू ठेवावं लागेल.

सगळे बग मॅनेजरचेच असतात असंही नाही. जावात लिहिलेल्या प्रोग्रॅमांचं उदाहरण घ्या. डीडब्ल्यूएमसारख्या, चौकटीत न बसवता खिडक्या थेट मांडणाऱ्या मॅनेजरांवर जावाच्या खिडक्या कोऱ्या राखाडी दिसत. जावाच्या लायब्ररीत ओळखीच्या विंडो मॅनेजरांची यादीच लिहून ठेवलेली होती, आणि यादीत नसलेला प्रत्येक मॅनेजर खिडकीभोवती चौकट घालणारच, असं ती लायब्ररी गृहीत धरी. सन कंपनीचा लुकिंग ग्लास हा त्रिमितीय डेस्कटॉप मात्र त्या यादीत होता, चौकट न घालणाऱ्यांत. मग लोकांनी युक्ती काढली : आपल्या मॅनेजरचं नाव बदलून लुकिंग ग्लासचं नाव सांगायचं. खिडक्या लगेच दिसू लागल्या! पुढे जावात यासाठी रीतसर सेटिंग आलं, पण ‘तुमच्या मॅनेजरला खोटं नाव द्या’ हा सल्ला कितीतरी वर्षं चालला.

इथे मेंटेनरपुढे, म्हणजे कोड सांभाळणाऱ्यापुढे, खरा प्रश्न उभा राहतो. दुसऱ्याच्या चुकीसाठी आपल्या कोडमध्ये पळवाट ठेवायची का? ठेवली तर वापरणाऱ्याचं काम आज भागतं, पण कोडात अशा पळवाटा साचत जातात आणि मूळ चूक सुधारायची निकड संपते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड रोझेंथल यांनी प्रोग्रॅम आणि मॅनेजर यांच्यातल्या व्यवहाराचे नियम लिहून काढले. पुढे केडीई आणि नोमच्या मंडळींनी मिळून त्यांत भर घातली. वाद निघाला की या नियमांकडे बोट दाखवता येतं. तरी नियमांत न मावणारं पुष्कळ उरतं, आणि तिथे मेंटेनरचा विवेकच चालतो. मेटासिटीचे कर्ते हॅवक पेनिंग्टन यांनी २००२ च्या सुमारास मांडलं होतं की प्रत्येक पर्यायाची किंमत असते : जितकी सेटिंग्ज तितक्या त्यांच्या जोड्या, आणि सगळ्या जोड्या तपासणं कोणालाच शक्य नसतं. त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली. पण बग मिटवणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर त्यांचा मुद्दा मला पटतो.

तपासणीबाबत सर्वांत विचारी वाट एक्समोनॅडने काढली. २००७ मध्ये हॅस्केल भाषेत लिहिलेल्या या मॅनेजरच्या कर्त्यांनी खिडक्यांची मांडणी ठरवणारा भाग पडद्याशी बोलणाऱ्या भागापासून पूर्ण वेगळा केला. मग त्या शुद्ध भागावर यांत्रिक चाचण्या लावल्या : एक खिडकी पुढे जाऊन एक मागे आलं तर फोकस मूळ जागी यायलाच हवा, कोणतीही खिडकी दोनदा दिसता कामा नये. चाचणी स्वतःच शेकडो यादृच्छिक मांडण्या तयार करते आणि नियम मोडतो का ते पाहते. पुढे वाउटर स्वियर्स्ट्रा यांनी हाच भाग कॉक या गणिती सिद्धतेच्या साधनात मांडून दाखवला.

मराठी वाचकाला जवळचा वाटावा असा बग शीर्षकपट्टीतला आहे. ‘किल्ला’ नावाची फाइल उघडली की काही मॅनेजरांमध्ये आतला मजकूर नीट दिसतो, वर पट्टीत मात्र ऱ्हस्व इकार ‘क’च्या पुढे जाऊन बसतो आणि ‘ल्ल’चं जोडाक्षर हलन्तासकट सुटं पडतं. आतला मजकूर प्रोग्रॅम काढतो, पट्टी मॅनेजर काढतो. एक्सएफटी ही लायब्ररी अक्षरं एकामागून एक ठेवते, देवनागरीची जुळणी तिला येत नाही. पँगो या दुसऱ्या लायब्ररीला ती येते. मेटासिटी आणि ओपनबॉक्स पँगो वापरतात, आयथ्री या मॅनेजरने नंतर त्याची सोय केली. डीडब्ल्यूएम मूळ रूपात आजही एक्सएफटीवर आहे. पँगोचा पॅच वेगळा मिळतो. कोड छोटा ठेवण्याच्या हट्टापायी आपली लिपी बाहेर राहते, तेव्हा साधेपणाची ही व्याख्या अपुरी आहे असं मी म्हणेन.

आता सगळी जमीनच बदलते आहे. २००८ मध्ये क्रिस्तियान हॉग्सबर्ग यांनी सुरू केलेल्या वेलँड या एक्सच्या जागी येणाऱ्या व्यवस्थेत सर्व्हर आणि विंडो मॅनेजर एकच प्रोग्रॅम असतात. निरोपांच्या शर्यतीतले कितीतरी बग त्यामुळे मुळातच संपले. पण एक्सवर मॅनेजर कोसळला तरी खिडक्या जिवंत राहत आणि नवा मॅनेजर त्यांचा ताबा घेई. वेलँडवर तो कोसळला की अर्धवट लिहिलेलं पत्रसुद्धा गेलं. केडीईच्या मंडळींनी यावर क्यूट लायब्ररीतच तोड काढली आणि २०२४ च्या प्लाझ्मा ६ या केडीईच्या डेस्कटॉपपासून क्यूटचे प्रोग्रॅम केविन कोसळला तरी थांबून राहतात, तो पुन्हा उठला की त्याला जोडून घेतात. इतर बऱ्याच प्रोग्रॅमांचं तसं नाही.

जुन्या मॅनेजरांना मात्र वेलँडवर थेट नेता येत नाही. बहुतेक कोड नव्याने लिहावा लागतो. आयथ्रीची रीत स्वे या वेलँडवरच्या मॅनेजरने उचलली, त्याची १.० आवृत्ती मार्च २०१९ ची. ओपनबॉक्सची रीत लॅबडब्ल्यूसी या दुसऱ्या मॅनेजरने उचलली. ऑक्टोबर २०२४ मध्ये रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या डेस्कटॉपने लॅबडब्ल्यूसीच स्वीकारला. डिसेंबर २०२४ च्या एक्सएफसीई ४.२० या डेस्कटॉपमध्ये वेलँडची सोय प्रायोगिक म्हणून आली. नोम ४९ ने सप्टेंबर २०२५ मध्ये एक्सवरचं सत्र मूळ मांडणीत बंद ठेवून दिलं. आणि एक साधी मागणी अजून वादात आहे : वेलँडच्या मूळ नियमांत प्रोग्रॅमला आपली खिडकी पडद्यावर अमुक जागी ठेव असं सांगताच येत नाही. चार-पाच खिडक्या दोन पडद्यांवर मांडून काम करणाऱ्या अभियंत्याला त्या दुसऱ्या दिवशी त्याच जागी हव्या असतात. सुरक्षेचा विचार करणारे म्हणतात, ही मुभा नको. काम करणारे म्हणतात, टीडब्ल्यूएमच्या काळापासून आम्हाला ती होती. त्यासाठी नव्या नियमांचे मसुदे लिहिले गेले आहेत.