हलकं बॉनेट: वाचतं किती, पणाला लागतं काय

शहाद्याहून तोरणमाळ चढणारी किंवा तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगाव गाठणारी गाडी वर पोचेपर्यंत चांगलीच तापते. त्यात नंदुरबारचा उन्हाळा, म्हणजे पारा चाळिशीच्या वर. अशा वेळी गॅरेजमध्ये सल्ला देणारे कमी नसतात. ‘पत्र्याचं बॉनेट काढून टाक, फायबरचं करून घे, वर दोन जाळ्या मार. गाडी हलकी होईल, थंड राहील, ॲव्हरेजही वाढेल.’ आज हे काम काही अवघड राहिलेलं नाही. रेझिन आणि काचेच्या तंतूंची मॅट सुरतेला मिळते, नाशकात मिळते, आणि साचा कसा काढायचा हे मोबाइलवर दिसतं. पण या एका सल्ल्यात जितकी आश्वासनं आहेत, जवळपास तितकेच गैरसमज आहेत.

‘बॉनेट हलकं केलं की ॲव्हरेज वाढतं’

लहान हॅचबॅकचं पोलादी बॉनेट साधारण बारा किलो भरतं. नीट बनवलेलं फायबरचं बॉनेट त्यातले तीन ते पाच किलो वाचवतं. गाडीचं वजन १० टक्के घटलं तर ॲव्हरेज ६ ते ८ टक्के सुधारतं, असा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा ठोकताळा आहे. ९०० किलोंच्या गाडीतून पाच किलो गेले म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास वजन घटलं. हिशेब मांडला तर २० चं ॲव्हरेज फार तर २०.०९ होतं. टायरमध्ये हवा कमी असेल तर याहून जास्त नुकसान होतं.

गंमत अशी, की हे पाच किलो वाचवणाऱ्या गाडीच्या टपावर बहुतेक वेळा लोखंडी कॅरिअर असतं आणि पुढे जाडजूड गार्ड. कॅरिअर वजन वाढवतंच, शिवाय हवेला अडवतं. पुढच्या गार्डविरुद्ध तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे.

‘फायबर म्हणजे हलकंच’

हा सगळ्यांत पक्का रुजलेला समज, आणि फसगत होते ती इथेच. पोलादाचा एक घन सेंटिमीटर तुकडा ७.८५ ग्रॅम भरतो, हाताने रेझिन लावून केलेलं काचेचं फायबर दीड ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पाच पट हलकं. पण बॉनेटचा बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरहूनही पातळ असतो. तेवढ्याच जाडीचं फायबर बोटाने दाबलं तरी वाकेल, कारण त्याचा ताठरपणा पोलादाच्या तिसाव्या हिश्शाच्या आसपास असतो. ते ताठ करायचं तर जाडी वाढवावी लागते. नशिबाने पत्र्याचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणून जाडी तीसपट नव्हे तर साधारण तीनपट केली की भागतं. हे गणित पाळलं तर बाहेरच्या पडद्याचं वजन पत्र्याच्या साठ टक्क्यांवर येतं. खरी बचत एवढीच.

प्रत्यक्षात होतं काय ते बघा. बाजारात सर्रास मिळणारी मॅट ४५० ग्रॅमची, म्हणजे एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम काच. हाताने काम करताना ती दुपटीहून अधिक रेझिन पिते. एका थराची जाडी साधारण एक मिलिमीटर होते आणि वजन चौरस मीटरला दीड किलो. सव्वा चौरस मीटरच्या बॉनेटला एक थर म्हणजे जवळजवळ दोन किलो. तीन थर, जेलकोटचा वरचा लेप, खालचा सांगाडा, बिजागरी आणि लॉकच्या जागी पुरलेल्या लोखंडी पट्ट्या धरून बॉनेट नऊ-दहा किलोंवर थांबतं. पण मिस्तरी म्हणतो, ‘मजबूत पाहिजे ना?’ आणि सहा थर मारतो. वर पृष्ठभाग सरळ दिसावा म्हणून पुट्टीचा लेप. आता काट्यावर ठेवलं तर ते मूळच्या पत्र्याइतकं किंवा त्याहून जड भरतं. हौसेने बनवलेली कितीतरी ‘हलकी’ बॉनेटं या जातीची असतात. म्हणून बनवून घेताना दोनच प्रश्न विचारा: थर किती, आणि तयार वजन किती? वजनकाटा प्रत्येक मार्केट यार्डात आहे.

ॲल्युमिनियमचं गणित यापेक्षा सरळ आहे. तितकाच ताठरपणा ठेवून वजन निम्म्यावर येतं. पण त्याला आर्गन वेल्डिंग लागतं, कसलेला हात लागतो, आणि पोलादी बोल्ट जिथे त्याला थेट भिडतो तिथे पावसाळ्यात गंज धरतो.

कार्बन फायबरबद्दल थोडक्यात सांगायचं तर ते खरंच ताठ आणि हलकं असतं. १९८१ मध्ये मॅक्लारेनने फॉर्म्युला वनच्या गाडीची चौकटच त्याची केली. पण ‘कार्बन बॉनेट’ म्हणून विकलं जाणारं बरंचसं काम म्हणजे काचेच्या फायबरवर शोभेसाठी चढवलेला कार्बनच्या कापडाचा एक थर. उलटं करून मागची बाजू बघितली की कळतं. आणि काळ्या विणीचं स्टिकर लावलं तर वजन वाढतंच.

‘एकदा सुकलं की फायबरला ऊन लागत नाही’

नंदुरबारकरांनी सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं ते याकडे. रेझिन ‘सुकत’ नाही, त्याची रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट बनतं, आणि ती क्रिया किती पूर्ण झाली यावर ते किती उष्णता सोसेल हे ठरतं. साधं पॉलिस्टर रेझिन नुसतं सावलीत ठेवून घट्ट केलं तर साठ ते ऐंशी अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागतं. घाट चढून गाडी उभी केली की पंख्याची हवा थांबते आणि बॉनेटखालचं तापमान सहज त्या पल्ल्यात जातं. वरून मे महिन्याचं ऊन, त्यात रंग काळा. बॉनेट मधोमध बसतं, कडा उचलल्या जातात, आतल्या मॅटची वीण रंगातून वर उमटते. रंगकाम वाईट म्हणून पेंटरवर खापर फुटतं. खरी चूक आधीची असते. योग्य रेझिन निवडून, साच्यातून काढण्यापूर्वी काही तास नियंत्रित उष्णता देऊन ते पक्कं केलेलं नसतं.

बनवतानाही उन्हाळा आडवा येतो. पॉलिस्टर रेझिनमध्ये हार्डनर टाकायचं प्रमाण साधारण एक ते दोन टक्के. एप्रिलच्या दुपारी दोन टक्के टाकलं तर ब्रश मॅटवर फिरायच्या आत डब्यातच खडा होतो, आणि डबा हातात धरवत नाही इतका तापतो. म्हणून सकाळी लवकर, थोडं थोडं मिसळून, खालच्या प्रमाणाने काम करावं. एक गोष्ट मात्र कुठल्याही ऋतूत करायची नाही: रेझिनची क्रिया वेगवान करणारं कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट ओतायचे नाहीत. त्यातून भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण घोटायचं, मगच हार्डनर. ते हार्डनर डोळ्यात उडालं तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा, हातमोजे आणि उघडी हवा यांना पर्याय नाही.

‘मागची कड उचलली की इंजिन थंड राहतं’

बिजागरीखाली वॉशर घालून बॉनेटची मागची कड इंचभर वर करायची, ही जुनी क्लृप्ती. गाडी उभी असताना गरम हवा तिथून निघते, हे खरं आहे. पण धावत्या गाडीत पुढच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो. तिथे फट ठेवली तर हवा बाहेर पडण्याऐवजी आत शिरू पाहते, म्हणजे रेडिएटरमधून येणाऱ्या हवेची वाटच अडते. शिवाय केबिनची ताजी हवा याच भागातून ओढली जाते, तेव्हा इंजिनचा वास आणि धूरही आत. जाळी बसवायचीच तर ती पुढच्या भागात, रेडिएटरच्या जरा मागे, जिथे दाब कमी असतो तिथे. तिच्याखाली पावसाचं पाणी वळवणारी पन्हळही हवी, नाहीतर जूनमध्ये वायरिंग भिजतं. तसं पाहिलं तर घाटात तापणाऱ्या गाडीत आधी कूलंट, थर्मोस्टॅट, पंखा आणि चिखलाने बुजलेला रेडिएटर तपासून घ्यावा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं.

‘आतला सांगाडा काय कामाचा, कापून टाका’

काही जण नवं बनवण्याऐवजी मूळ बॉनेटच्या खालच्या पट्ट्या ग्राइंडरने कापतात. बाहेरचा पत्रा दिसायला असतो. ताठरपणा देतो तो हा सांगाडा. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरच्या हवेचा दाब चौरस मीटरला ४७ किलोंच्या आसपास असतो. त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी ओढ जरी वरच्या दिशेने लागली तरी लहान बॉनेटवर ती अठरा-वीस किलो होते, म्हणजे बॉनेटच्या वजनाहून जास्त. नवापूरच्या हायवेवर समोरून ट्रक सपकन गेला की असं बॉनेट फडफडतं. लॉक सुटलं तर ते उलटून काचेवर येतं आणि चालकाला पुढचं काही दिसत नाही.

सांगाड्याला आणखी दोन कामं असतात. समोरून धडक बसली की बॉनेट मध्ये ठरल्या जागी दुमडावं, काचेतून आत घुसू नये, अशा खाचा त्यात मुद्दाम ठेवलेल्या असतात. आणि पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर बॉनेट आत दबून धक्का पचवतं. घरी बनवलेल्या फायबरमध्ये यातलं काहीच मोजलेलं नसतं. ते दुमडत नाही, फुटतं आणि धारदार कपच्या होतात.

रॅलीवाले हलकी बॉनेटं लावतात ना? लावतात. पण आंतरराष्ट्रीय रॅलीच्या नियमात मूळचं लॉक निकामी करून किमान दोन वेगळ्या पिना बसवणं सक्तीचं असतं, आणि ती गाडी तपासनीसांच्या हाताखालून जाते. रस्त्यावरच्या गाडीत मूळचं लॉक आणि त्याचा दुसरा हूक कधीही काढू नये. बॉनेट उचलायला गॅसचे दांडे असतील तर तेही बदलावे लागतात. जड बॉनेटसाठी बनवलेले दांडे हलक्याला सतत वर रेटून बिजागरीपाशी तडा पाडतात.

‘बॉनेटच तर आहे, आरटीओ कशाला विचारतंय’

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हीच भूमिका उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रंगाची नोंद आरसीवर असते, म्हणून रंग बदलला तर तीही दुरुस्त करून घ्यावी लागते. आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी हमखास नडतो.

तेव्हा एमएच-३९ पासिंगच्या रोजच्या गाडीला हलकं बॉनेट बसवण्यात माझ्या मते काही हशील नाही. शर्यतीसाठी किंवा कॉलेजच्या प्रकल्पासाठी करायचं असेल तर जरूर करा. मूळ बॉनेट जपून ठेवा, नवं वजन करून घ्या आणि पिना बसवल्याशिवाय वेग घेऊ नका. बाकीच्यांनी या रविवारी टपावरचं रिकामं कॅरिअर उतरवावं आणि रेडिएटर धुऊन घ्यावा.