गुटी उगाळण्याआधी

आटगाव स्टेशनच्या आसपासच्या पाड्यांवर मी आशा म्हणून फिरते. कुंपणाला अडुळसा आणि बाळंतिणीच्या घरी सहाण, हे ठरलेलंच. मुरडशेंग, हळकुंड, वेखंड, जायफळ. आज्या वेढे मोजून गुटी उगाळतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचंच दूध, वरचं पाणीसुद्धा नको, हे ठासून सांगते. मध तर वर्षाच्या आत बोटभरही चाटवू नये. त्यातल्या जिवाणूंमुळे तान्ह्याचं अंग लुळं पडू शकतं. जायफळाचे वेढे वाढले की बाळ गुंगतं, आणि घरचे म्हणतात, ‘कसं छान झोपलंय!’ वेखंड खाण्याच्या पदार्थांत घालायला अमेरिकेने १९६८ मध्येच बंदी केली. कापूर पोटात गेला तर झटके येतात.

मोठ्या पोराला खोकल्यावर तुळस-आल्याचा कोमट काढा चालतो. जुलाबाला मात्र ओआरएसचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, सोबत १४ दिवस झिंक. बाळ दूध ओढेना, फीट आली, किंवा वर्षावरच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० च्या वर गेला, तर सहाण बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन लावा.