धुऱ्यापलीकडचं गाजरगवत

खाणीतून निघालेल्या मातीच्या डोंगरांवरच्या झाडोऱ्याकडे या आठवड्यात वळू, असं कबूल केलं होतं. ते राहिलं. वणी तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं आणि चार दिवस दुसरं काही सुचलं नाही. ते लिहितात, ‘शेजारचं वावर खाणीत गेलं. पैसे मिळाले, माणसं गेली, खाण मात्र अजून आली नाही. तिथं छातीएवढं गाजरगवत माजलंय आणि निंदणाची मजुरी मी भरतोय. हे तण कोणाचं?’

कायद्यापुरतं उत्तर सोपं आहे. कोळशाची जमीन १९५७च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्यानं जाते. ‘सेक्शन नऊ लागलं’ हे शब्द वणीकडे शाळकरी पोरालाही कळतात. नवव्या कलमाची अधिसूचना निघाली की जमीन सरकारची, अकराव्यानं ती कंपनीकडे. जमीन ज्याची, तण त्याचं. पण ‘सेक्शन’ लागणं आणि यंत्र येणं यांच्यात कितीतरी पावसाळे जाऊ शकतात, आणि त्या काळात वावराला धनी असतो फक्त कागदावर.

अशी वावरं मी वर्षानुवर्षं बघत आलोय. पहिल्या पावसाळ्यात सांडलेलं सोयाबीन उगवतं, त्यात केना, माठ, लव्हाळा. उपटायची राहिलेली पऱ्हाटी पुन्हा फुटते, आणि शेजाऱ्यानं सगळ्यात आधी भ्यायचं ते हिला. उभ्या पऱ्हाटीवरच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात धुरा ओलांडून येते. दुसऱ्या वर्षी गाजरगवत. मग धुऱ्यावरून हराळी आणि कुंदा आत सरकतात, बोरी आणि वेडी बाभूळ डोकं काढतात. त्या जाळीत रानडुकरं राहायला आली की प्रश्न निंदणाचा राहत नाही, राखणीचा होतो.

गाजरगवताचं एक झाड दहा ते पंचवीस हजार बिया टाकतं. वाऱ्यानं, पाण्यानं, ट्रकच्या चाकाला चिकटून त्या कुठंही जातात. वर पडलेलं बी लवकर मरतं, मातीत पुरलेलं मात्र चार-सहा वर्षं सहज जगतं.

आणि खाणवाल्यांनीही घाबरावं ते इथंच. खाण सुरू होताना वरची सुपीक काळी माती आधी खरवडून वेगळी रचायची असते. खड्डा भरला की तीच पुन्हा वर अंथरायची. आज पडीक वावरात जे बी झडतंय ते त्या मातीबरोबर ढिगात जाणार, आणि माती पसरली की त्यातलं जितकं जिवंत असेल तितकं उगवणार. म्हणून ‘जमीन खोदायचीच आहे, तण कशाला काढायचं?’ हा युक्तिवाद मला अडाणीपणाचा वाटतो. ज्या मातीवर उद्या झाडं लावून फोटो काढायचे आहेत, तिच्यात आज गाजरगवताची पेरणी चालू आहे.

फवारा मारा, असं मी सांगणार नाही. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-मजूर गेले. गाजरगवत फुलावर येण्याआधी, पावसानं माती मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावं. नुसतं कापलं तर बुडातून पुन्हा फुटतं. गाजरगवत खाणारा मेक्सिकन भुंगा आहेच. १९८३ साली तो बंगळूरला आणला, पुढच्या वर्षी सोडला. पावसाळ्यात पानं फस्त करतो, थंडी लागली की जमिनीत जाऊन झोपतो, आणि हिवाळ्यातलं गाजरगवत मोकळं सुटतं.

माझा खरा जीव तरोट्यावर. पश्चिम महाराष्ट्रात याला टाकळा म्हणतात. दाट उगवला की गाजरगवताच्या रोपांना ऊन मिळू देत नाही. जबलपूरचं तण संशोधन संचालनालयही त्याचं बी टाकायला सांगतं. हिरवा असताना जनावर त्याला तोंड लावत नाही, म्हणून चराईतही तो टिकतो. बियांपासून डिंक होतो, त्यामुळे त्यांना व्यापारी गिऱ्हाईक आहे. शेंगवर्गातला असूनही मुळांवर गाठी धरत नाही, तेव्हा जमिनीत नत्र वाढवेल ही आशा नको. हिवाळ्यात तो वाळतो, म्हणजे भुंग्याची रजा आणि याची रजा एकाच वेळी. तेवढे महिने हातानंच उपटावं लागतं.

हराळीबद्दल शेतकऱ्याला चांगलं बोलायला लावणं कठीण. वखराच्या पाशी झिजल्या तिच्यापायी. पण रचून ठेवलेली काळी माती पावसात निर्गुडा नदीत वाहून जायला नको असेल, तर हराळीसारखं धरून ठेवणारं गवत शोधून सापडणार नाही. ओडिशातल्या बेकायदा खाणकामाच्या खटल्यात ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती चाऱ्याजोगी करून द्यावी, ही अट खाणपट्ट्यांत घाला. खंडपीठावर सरन्यायाधीश होते नागपूरचे शरद बोबडे. झाडं लावा, असं सगळेच म्हणतात. गवताचं नाव या माणसानं घेतलं, याचं मला फार कौतुक आहे.

तर पत्रलेखक दादा, कंपनीच्या कार्यालयात आणि तहसीलला लेखी अर्ज द्या, दोन मागण्या स्पष्ट लिहून : उभी पऱ्हाटी उपटा, आणि गाजरगवत फुलायच्या आधी काढा. पोच घ्या. या दिवाळीनंतर तरोट्याच्या शेंगा वाळल्या की पोतंभर बी गोळा करून ठेवा आणि परवानगी घेऊन धुऱ्यापलीकडे फेका. थोडा तुमच्याही वावरात येईल. तो डवऱ्यानं निघतो, आणि कोवळा असला तर घरी भाजीला होतो.

डोंगर पुढच्या आठवड्यात. साखर कारखान्याची मळी घालून ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेनं गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर झाडं कशी जगवली, तेही तेव्हाच.