बरोबरीचा भाव

नोव्हेंबर 2018, लंडन. बुद्धिबळ जगज्जेतेपदाच्या लढतीतले अकराही डाव बरोबरीत सुटले होते आणि बाराव्या, म्हणजे शेवटच्या पारंपरिक डावात काळी मोहरी घेतलेला मॅग्नस कार्लसन चांगल्या स्थितीत होता. प्रतिस्पर्धी फॅबियानो कारुआनापेक्षा त्याच्या घड्याळात वेळही जास्त होता. संगणकावरची बुद्धिबळ इंजिने काळ्याच्या बाजूचे आकडे दाखवत असताना 31व्या चालीला त्याने बरोबरीचा प्रस्ताव दिला. समालोचक चक्रावले. दोन दिवसांनी टायब्रेकचे तीनही जलद डाव जिंकून कार्लसनने किताब राखला.

कार्लसन फक्त पट पाहत नव्हता. समोर कोण आहे आणि पुढे काय खेळायचे आहे, हेही त्याच्या हिशेबात होते. इंजिनाला यातले काहीच दिसत नाही. त्याच्या लेखी बरोबरी म्हणजे 0.00, मग समोर जगज्जेता असो की शाळकरी पोर.

स्पर्धेत मात्र बरोबरीचा भाव माणसागणिक बदलतो. रेटिंगने 200 गुण खाली असलेल्या खेळाडूविरुद्ध सरासरी 0.76 गुणाची अपेक्षा धरली जाते. म्हणजे त्याच्याशी अर्ध्या गुणावर सुटणे हा तोटाच. कधीकाळी 2400 ओलांडलेल्या खेळाडूचे अशा एका डावात 2.6 रेटिंग गुण जातात. खालच्या खेळाडूला तोच अर्धा गुण म्हणजे कमाई.

प्रोग्रॅमरांनी यावर काढलेला तोडगा ‘कंटेम्प्ट’ नावाने ओळखला जातो. बरोबरीला शून्याऐवजी दुसरा भाव लावायचा: प्रतिस्पर्धी कच्चा असेल तर उणे 0.30, तगडा असेल तर अधिक 0.30. (एका प्याद्याची किंमत साधारण 1.00 धरतात.) पहिल्या प्रकारात 0.20 ने मागे असलेले इंजिनही तीच स्थिती तिसऱ्यांदा येऊ देणार नाही, वाट बदलून झुंजत राहील. दुसऱ्या प्रकारात किंचित वरचढ असतानाही ते सततच्या शहाची बरोबरी खुशीने पदरात पाडून घेईल.

यात एक मोठी खोट आहे. हा भाव कामी येतो तो बरोबरी इंजिनाच्या नजरेच्या टप्प्यात आल्यावरच. वजीर आणि हत्ती मारामारीत संपवून विरुद्ध रंगांच्या उंटांचा अंतिम डाव पटावर उतरला, की एखादे प्यादे जास्त असूनही डाव बहुधा जिंकता येतच नाही. तिसऱ्यांदा तीच स्थिती येण्याची वेळ तिथून अजून कितीतरी चाली दूर असते. नुकसान आधीच होऊन बसलेले असते.

स्टॉकफिश 9 या इंजिनाने 2018 च्या सुरुवातीला हे निराळ्या रीतीने हाताळले. 20 सेंटिपॉनचा, म्हणजे प्याद्याच्या पाचव्या हिश्शाचा कंटेम्प्ट त्यात मूळ सेटिंग म्हणूनच आला. तो केवळ बरोबरीला न लावता प्रत्येक स्थितीच्या मूल्यमापनात मिसळला होता, मध्यडावात पूर्ण आणि अंतिम डावाकडे जाताना निम्म्यापर्यंत कमी होणारा. परिणामी इंजिन मोहरी पटावर टिकवू लागले, मारामारी लांबवू लागले. कच्च्या प्रतिस्पर्ध्याला चुकायला वाव मिळतो तो अशाच गर्दीत.

याची किंमत अभ्यासकांनी मोजली. त्यांना हवे असते स्थितीचे खरे मोल, आणि स्वतःच्या बाजूला झुकणारा तराजू तिथे कुचकामी. म्हणून विश्लेषणासाठी वेगळे सेटिंग द्यावे लागले. न्यूरल नेटवर्क आल्यानंतर 2021 मध्ये स्टॉकफिशने कंटेम्प्ट काढूनच टाकला.

तो निर्णय इंजिनांच्या आपसांतल्या लढतींपुरता योग्यच होता. माणसाशी खेळताना गणित निराळे. जानेवारी 2016 मध्ये कोमोडो या इंजिनाने ग्रँडमास्टर हिकारू नाकामुराला चार डावांत वेगवेगळी सवलत दिली. तीन डाव बरोबरीत सुटले. चौथ्यात नाकामुराला सुरुवातीलाच चार चाली फुकट मिळाल्या होत्या आणि नेमका तोच तो हरला. सवलत देणारा सुरुवातीपासूनच मागे असतो. त्याने साध्या मारामाऱ्या करत बसणे म्हणजे हार पत्करणे.

आजवरचा सर्वांत समंजस मार्ग लीला या इंजिनाचा वाटतो. लीला प्रत्येक स्थितीला एक आकडा देत नाही. विजय, बरोबरी आणि पराभव यांच्या तीन शक्यता देते. प्रतिस्पर्ध्याची अंदाजे ताकद सांगितली की या तिन्ही शक्यता नव्याने मांडल्या जातात. समोरचा चुकण्याचा संभव किती, हा खरा प्रश्न अशा प्रकारे थेट हिशेबात येतो. सरसकट उणे 0.30 हा त्यापुढे ठोकताळाच.

घरी जुन्या इंजिनावर स्वतःचे डाव तपासणाऱ्यांनी आधी सेटिंग उघडून कंटेम्प्ट शून्यावर आणावा. नाहीतर बरोबरीची स्थिती एका बाजूला झुकलेली दिसेल आणि नसलेली चूक शोधण्यात संध्याकाळ जाईल.

(पुढील लेखांकात : सात मोहऱ्यांपर्यंतचे अंतिम डाव संगणकाने पुरते कसे सोडवले)