डोळे चोळू नका, नुसत्या गोळीवर विसंबू नका

रविवारची वंदना संपली की विहाराच्या पायरीवर घरोघरच्या तब्येतीच्या गोष्टी निघतात. उमरोळीत अशाच एका रविवारी एका आईने विचारले, "पोराचा चष्मा वर्षात तीनदा बदलला. आता डॉक्टर म्हणतात, बुबुळ पातळ झालंय. पाहुणे सांगतात, बी-टूच्या गोळ्या दे आणि उन्हात बसव, मशीनखाली जायची गरज नाही. खरं का हो?"

या आजाराचे नाव केराटोकोनस. बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला पारपटल म्हणतात. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. या आजारात तो हळूहळू पातळ होतो आणि शंकूसारखा पुढे येतो. सुरुवात बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात होते. नंबर सारखा बदलतो, तिरपा नंबर वाढतो, एका दिव्याचे दोन-तीन दिवे दिसतात, रात्री समोरच्या गाडीचा उजेड फाकतो. चष्मा लावूनही फळा स्पष्ट दिसत नाही आणि घरात मात्र "अभ्यासाचा कंटाळा" म्हणून पोराला बोलणी बसतात.

हा आजार फार दूरचा नाही. दीक्षाभूमीच्या नागपूर जिल्ह्यात, ग्रामीण भागात, तिशीपुढच्या ४ हजार ७०० हून अधिक लोकांचे डोळे तपासले गेले. पारपटलाच्या वक्रतेच्या मापावरून शंभरात साधारण दोघांना हा आजार असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता जीवनसत्त्वाकडे येऊ. पाहुण्यांचे बोलणे अर्धे खरे आहे, म्हणूनच ते धोक्याचे आहे. बी-टू म्हणजे रायबोफ्लेविन. या आजाराच्या उपचारात ते खरोखर वापरतात, पण पोटातून नव्हे, थेंबांच्या रूपात थेट डोळ्यावर. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे ही पद्धत तयार झाली. रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष २००३ मध्ये आले आणि अमेरिकेने २०१६ मध्ये तिला मान्यता दिली. आपल्याकडचे डॉक्टर तिला क्रॉस-लिंकिंग किंवा सी-थ्री-आर म्हणतात.

डोळा बधिर करून पारपटलाची वरची साय काढतात. अर्धा तास रायबोफ्लेविनचे थेंब घालतात. मग मोजून-मापून अतिनील किरण सोडतात, मूळ पद्धतीत तेही अर्धा तास. थेंब आणि किरण मिळून पडद्यातले धागे एकमेकांना घट्ट बांधतात. घोंगडीची वीण आवळावी तसे. काही दिवस डोळा झोंबतो, पाणी येते. यामुळे बहुतेकांचा आजार वाढायचा थांबतो, पण गेलेली नजर पूर्ण परत येत नाही. चष्मा किंवा कडक लेन्स पुढेही लागते. पडदा फार पातळ झाला तर ही पद्धत नेहमीसारखी करता येत नाही, म्हणून वेळेला किंमत आहे.

मग गोळी का चालत नाही? पारपटलात रक्तवाहिन्याच नसतात. वरची साय काढल्याशिवाय थेंबसुद्धा नीट मुरत नाहीत, तर गोळीतले औषध तिथे किती पोचणार? बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी गर्द पिवळी होते, ते शरीराने टाकलेले जास्तीचे रायबोफ्लेविनच. आणि उन्हाला माप नसते. सूर्याकडे पाहिल्याने डोळ्याचा आतला पडदा कायमचा जळू शकतो.

म्हणून खाणे गौण, असे नाही. दूध, अंडी, कलेजी, पालेभाज्या, डाळी ताटात हव्यातच. बी-टू कमी पडले की ओठांच्या कडा फाटतात, जीभ लाल होते. 'अ' जीवनसत्त्व कमी पडले तर लहान मुलांचे बुबुळ सुकते, पांढरे पडते. म्हणून नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतचे 'अ' जीवनसत्त्वाचे डोस चुकवू नका. पण तो आजार वेगळा. आहाराने शंकू बसत नाही.

घरी करण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट फुकट आहे: डोळे चोळू नका. धूळ, धूर, ॲलर्जीने डोळा खाजला की पोरे मुठीने चोळतात, त्याने पडदा आणखी कमजोर होतो. थंड पाण्याची स्वच्छ घडी ठेवा. तारापूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी संरक्षक चष्मा लावावा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका. स्टिरॉइडच्या थेंबांनी काचबिंदू, मोतीबिंदू होऊ शकतो.

नंबर सहा महिन्यांत बदलला तर चष्म्याच्या दुकानावर थांबू नका, नेत्रतज्ज्ञांना दाखवा. "पारपटलाचा नकाशा काढायचा का?" असे स्पष्ट विचारा. घरात एकाला आजार असेल तर भावंडांचेही डोळे तपासा. शेवटच्या टप्प्यात बुबुळरोपण लागते, आणि ते बुबुळ कुणीतरी मरणोत्तर दान केलेले असते. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत ते काढून घ्यावे लागते, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवावे लागते. दान पारमिता आपण रोज म्हणतो, तिची ही एक वाट.

तथागतांनी कालामांना सांगितले होते, ऐकीव आहे म्हणून मानू नका, पारखून घ्या. त्या आईलाही आम्ही तेच सांगितले. गोळ्यांच्या बाटलीत सहा महिने घालवू नका, त्या सहा महिन्यांत पडदा आणखी पातळ होईल. पुढच्याच आठवड्यात पोराला घेऊन तपासणीला जा.

जय भीम. नमो बुद्धाय.