परवान्यावरची एक ओळ

नाहूरला आमच्या शेजारच्या इमारतीत सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. मूळचे साताऱ्याकडचे. एरवी जिन्यातूनच हाक मारत येणारा माणूस, पण त्या दिवशी दारात उभे राहिले ते आवाज खाली करून. म्हणाले, “शायरसाहेब, जरा एक कागद बघायचा होता.”

कवी माणसाकडे लोक कागद घेऊन येतात ते बहुधा लग्नपत्रिकेचा मजकूर सुधारून घ्यायला. मला वाटलं, तसंच काही असेल. लग्न होतंच. त्यांच्या भाचीचं, बेळगावला. पण हातात पत्रिका नव्हती, शस्त्र परवान्याची पुस्तिका होती.

“दागिने न्यायचेत. गाडीने रात्रीचा प्रवास. रिव्हॉल्व्हर सोबत असलेलं बरं. परवाना आहेच माझ्याकडे. फक्त एवढं वाचून सांगा, की काही अडचण नाही ना?”

श्रोतेहो, माझं शिक्षण बी. ए. पर्यंतचं. कायद्याशी संबंध भाडेकराराइतकाच. पण आम्ही दोघांनी चष्मे लावून ती पुस्तिका वाचली, मग ओळखीच्या एका वकिलांना गाठलं. त्या चार दिवसांत जे कळलं, ते आज तुम्हाला सांगतो. कारण “परवाना आहे म्हणजे कुठेही नेता येतं” हा सुभेदारांचा समज त्यांच्या एकट्याचा नाही.

आपल्याकडे शस्त्रांचा कायदा १९५९ सालचा. त्याखालचे नियम आधी १९६२ चे होते, आता २०१६ चे आहेत. बंदूक, पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर परवान्याशिवाय ठेवता येत नाही. हा परवाना मुंबईसारख्या शहरात पोलिस आयुक्त देतात, इतर जिल्ह्यांत जिल्हाधिकारी. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून सर्वसाधारण माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांची झाली आहे.

पण मुद्दा मुदतीचा नाही. परवाना तीन गोष्टींना बांधलेला असतो. एक, माणूस. सुभेदारांचं रिव्हॉल्व्हर त्यांच्या मुलालाही खिशात घालून फिरता येत नाही. दोन, शस्त्र. कोणतं, किती बोअरचं, कोणत्या क्रमांकाचं, हे सगळं परवान्यात नोंदलेलं असतं. आणि तीन, क्षेत्र. परवाना कोणत्या हद्दीत चालेल, याची एक ओळ त्यात असते. कुणाच्या परवान्यात जिल्हा असतो, कुणाच्या राज्य, मोजक्या लोकांच्या परवान्यात संपूर्ण भारत. सुभेदारांच्या पुस्तिकेत त्या ओळीत लिहिलं होतं ‘महाराष्ट्र राज्य’.

सुभेदार थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे कागलपर्यंत मी कायद्यात, आणि कोगनोळी आली की गुन्हेगार?”

उत्तर ‘हो’ असंच होतं. कोल्हापूरहून निघालं की कागलनंतर कर्नाटकची हद्द लागते. पुढे निपाणी, मग बेळगाव. भाषा तीच, माणसं तीच, लग्नातल्या मंगलाष्टकाही त्याच. पण परवान्यावरच्या ओळीला भाषा कळत नाही, हद्द कळते. हद्दीपलीकडे तो परवाना चालत नाही.

मग शिक्षा काय? परवान्याच्या अटीचा भंग झाला, एवढंच धरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण विनापरवाना शस्त्र बाळगलं असं धरलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं कैद, शिवाय दंड. यातलं कोणतं कलम लागेल हे त्या ठिकाणचे पोलिस आणि पुढे न्यायालय ठरवणार. भाचीच्या अक्षता राहतील बाजूला.

क्षेत्र वाढवून मिळतं का? मिळू शकतं. त्यासाठी परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे अर्ज करायचा, कारण लिहून द्यायचं. कारण पटलं तरच हद्द वाढते. संपूर्ण भारताची मुभा सर्रास मिळत नाही. ‘लग्नाला जायचंय’ हे कारण पुरेसं ठरेल असं आमच्या वकिलांना काही वाटलं नाही.

आता एक गमतीची गोष्ट. सिनेमात आपण पाहतो, नायकाने सदरा जरा बाजूला सारला की कमरेचं पिस्तूल दिसतं आणि समोरचा नरम येतो. आपला कायदा नेमकं उलटं सांगतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचं असेल, तर ते अंगाला बांधलेल्या कव्हरमध्ये किंवा पाठीवरच्या पिशवीसारख्या वस्तूत असलं पाहिजे, पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे आणि नेणाऱ्याचा त्यावर पुरता ताबा असला पाहिजे. म्हणजे झाकून नेणं ही इथे सवलत नाही, सक्ती आहे. शस्त्र परजून दाखवायला आणि सार्वजनिक ठिकाणी बार काढायला बंदी आहे. वरातीत आनंदाने गोळ्या झाडणाऱ्यांसाठी तर २०१९ साली वेगळी तरतूद झाली. निष्काळजीपणे झाडलेल्या अशा गोळीने कुणाचा जीव धोक्यात आला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

झाकायचं ते लोकांपासून, पोलिसांपासून नाही. पोलिसाने विचारलं की परवाना दाखवावा लागतो, म्हणून तो सोबत हवा. खास परवानगी असल्याशिवाय जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक सभेत किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात शस्त्र नेता येत नाही, ही परवान्याचीच अट आहे. विमानाने जायचं असेल तर शस्त्र केबिनमध्ये नेता येत नाही. विमान कंपनीला आधी कळवायचं, काउंटरवर परवाना दाखवायचा, शस्त्र रिकामं करून नोंदवलेल्या सामानात द्यायचं. पण विमान जिथे उतरणार, तिथेही परवाना चालायला हवा, हे लोक विसरतात.

हे नियम ऐकायला किचकट वाटतात. पण ते मोडले की काय होतं, याची उदाहरणं आपल्या उपनगरातच आहेत.

८ फेब्रुवारी २०२४ रोजी बोरिवलीच्या एमएचबी कॉलनी भागात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची गोळ्या झाडून हत्या झाली. फेसबुकवरच्या थेट प्रक्षेपणात लोकांनी ते पाहिलं. मारणाऱ्याने नंतर स्वतःवरही गोळी झाडून घेतली. त्याच्या स्वतःच्या नावावर पिस्तूलच नव्हतं. पोलिसांनी सांगितलं, की ते त्याच्या खासगी अंगरक्षकाचं होतं आणि परवाना उत्तर प्रदेशातला होता. अंगरक्षकाला शस्त्र कायद्याखाली अटक झाली. त्या प्रकरणाचा निकाल न्यायालय देईल. पण आपण एवढं ध्यानात घ्यावं, की परवान्याचं शस्त्र घेऊन तीस दिवसांपेक्षा जास्त काळ दुसरीकडे राहायला गेलं, तर जुन्या आणि नव्या, दोन्ही ठिकाणच्या परवाना कार्यालयांना लेखी कळवण्याची अट आहे. आपल्या गल्लीत कोणतं शस्त्र आलंय, हे तिथल्या पोलिसांना ठाऊक असावं, एवढाच त्या अटीचा अर्थ.

शिवाय दुसऱ्या राज्यातला परवाना पाहिला की पोलिस दोनदा तपासतात, त्यालाही कारण आहे. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात पैसे घेऊन अपात्र लोकांना शस्त्र परवाने दिल्याचं प्रकरण २०१७ साली राजस्थान पोलिसांच्या तपासातून वर आलं. पुढे तपास सीबीआयकडे गेला. अशा परवान्यांचा आकडा सीबीआयने सांगितला तो दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजारांहून अधिक. आता प्रत्येक परवान्याची नोंद देशपातळीवर होते आणि त्याला स्वतंत्र क्रमांक मिळतो, तो यासाठीच.

दुसरं उदाहरण जुहूचं. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा कोलकात्याला जायला निघत होते. म्हणजे दुसऱ्या राज्यातच. निघण्यापूर्वी परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून पडलं, गोळी सुटली आणि त्यांच्या पायात घुसली, असं त्यांच्या माणसांनी सांगितलं. शस्त्रक्रिया करून गोळी काढावी लागली. सुदैवाने ते बरे झाले. शस्त्र घरी ठेवण्याचा विचार योग्यच होता. पण ते भरलेलं होतं. घरी ठेवायचं तर आधी रिकामं करायचं, काडतुसं वेगळी ठेवायची, दोन्हींना कुलूप लावायचं आणि हे घाईच्या वेळी करायचं नाही, हा धडा त्या पहाटेने सगळ्यांना दिला.

सुभेदारांचा पुढचा प्रश्न होता, “मग अमेरिकेत कसं चालतं? तिथे तर म्हणे सगळेच बाळगतात.”

तिथेही राज्याची हद्द आडवी येतेच. न्यू जर्सीत आपली बरीच मराठी कुटुंबं राहतात. नदीचा पूल ओलांडला की पलीकडे पेनसिल्व्हेनिया. २०१३ साली पेनसिल्व्हेनियाचा परवाना असलेली एक महिला पिस्तूल घेऊन न्यू जर्सीत आली. पोलिसांनी गाडी थांबवली, तेव्हा तिने आपणहून सांगितलं, की माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हा परवाना. न्यू जर्सीत तो परवाना चालत नव्हता. तिला अटक झाली आणि काही वर्षांच्या तुरुंगवासाचं सावट आलं. अखेर २०१५ साली गव्हर्नरांनी तिला माफी दिली. तिथे १९८६ चा एक केंद्रीय कायदा वाटेतल्या राज्यांतून शस्त्र नेऊ देतो, पण निघण्याचं आणि पोहोचण्याचं, दोन्ही ठिकाणी ते कायदेशीर असेल तरच. तेही रिकामं आणि हाताशी येणार नाही असं ठेवून.

अमेरिकेत शस्त्र बाळगणं हा घटनेतला हक्क आहे. आपल्याकडे तसा तो नाही, आणि हे विसरून राहिलेलं नाही, विचार करून झालेलं आहे. इंग्रजांनी १८७८ साली कायदा करून हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना मोकळं सोडलं. तो अपमान लोकांच्या मनात सलत होता. म्हणून १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितलेला होता. पुढे १९४८ साली घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो हक्क राज्यघटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. ती स्वीकारली गेली नाही. घटनेने एकत्र जमण्याचा हक्क दिला, पण शांततेने आणि हत्यारांशिवाय. नुकतीच फाळणी पाहिलेल्या माणसांनी घेतलेला तो निर्णय होता.

मी या मुंबईत १९९२-९३ चे दिवस पाहिले आहेत. त्या दिवसांत घरात एखादं हत्यार असावं, असं कधीच वाटलं नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. वाटलं होतं. भीती माणसाला सर्वांत आधी हेच सुचवते. आणि शेजारच्या घरातही तेच वाटत असणार, हे कळायला मला काही वर्षं लागली. म्हणून सुभेदारांना मी हसलो नाही. बहिणीचे दागिने, रात्रीचा रस्ता, ही काळजी खरीच होती.

शेवटी वकिलांनी मार्ग सांगितला तो साधा. सुरक्षित ताब्यात शस्त्रं ठेवून घेण्याचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे रिव्हॉल्व्हर जमा करा, पावती घ्या, परतल्यावर सोडवून आणा. सुभेदारांनी तसं केलं. दागिन्यांसाठी रात्रीऐवजी दिवसाचा प्रवास ठरला आणि गाडीत दोन भाचे जास्तीचे घेतले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी सहज चौकशीला गेलो. ते जुनी हिरवी बॅग भरत होते. बाजूच्या कप्प्यात हात घातला आणि थबकले. हाताला एक काडतूस लागलं. कधी तरी राहून गेलेलं. रिव्हॉल्व्हर जमा झालं होतं, पण हे बॅगेतून बेळगावला निघालं होतं. नुसत्या काडतुसालाही तोच कायदा लागतो. विमानतळांवरच्या तपासणीत विसरलेलं एकच काडतूस सापडून लोक अडकल्याच्या बातम्या आपण वाचतो. ताब्यात वस्तू आहे याची जाणीव हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच गुणवंतलाल खटल्यात सांगितलं आहे. त्याचा आधार अशा माणसांना मिळतोही. पण कोर्टाच्या पायऱ्या चढल्यानंतर.

सुभेदारांनी काडतूस हातात धरून दिव्याखाली पाहिलं. मग तेवढ्या एका काडतुसासाठी पुन्हा चपला घातल्या. दुकान बंद व्हायला अर्धा तास होता. परत आले तेव्हा पावतीवर एक ओळ वाढलेली होती.

लग्न छान झालं. येताना त्यांनी माझ्यासाठी बेळगावचा कुंदा आणला.