पांडेपूरच्या भिंतीआड दोनशे वर्षं

वाराणसीत पांडेपूरचं मनोरुग्णालय १८०९ पासून आहे. शहर त्याला आजही ‘पागलखाना’च म्हणतं. घरातलं कुणी तिथे राहून आलं, हे सोयरीक जुळवताना लपवलं जातं.

भ्रामक संशयाने ग्रासलेल्या माणसाची कोंडी आणखी वेगळी. जेवणात विष घातलंय, याबद्दल त्याची खात्री असते. तो ताट सरकवतो. घरचे आधी समजावतात, मग चिडतात, शेवटी गोळी कुटून डाळीत मिसळतात. एक दिवस डाळीत अर्धवट विरघळलेला पांढरा तुकडा त्याच्या हाती लागतो आणि उरलासुरला विश्वासही जातो.

कायद्यानेही बराच काळ असाच त्याचा संशय खरा ठरवला. १८५८ आणि १९१२ च्या कायद्यांत पोलिसांनी पकडून आणायचं आणि दंडाधिकाऱ्याने आत पाठवायचा हुकूम द्यायचा, अशी रीत होती. पोलीस मागावर आहेत असं ज्याला वाटे, त्याच्या दारात खरोखरच पोलीस येत.

रुग्णालय टाळणाऱ्यांची दुसरी वाट वाराणसीतल्याच पिशाचमोचन कुंडाकडे जाते. बाधा उतरावी म्हणून तिथल्या पिंपळात खिळे ठोकतात. त्यात घरच्यांचा एक दिलासाही असतो, कारण बाधेचा दोष घराण्याच्या रक्तावर येत नाही. उपचार मात्र लांबतात.

१९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध आलं आणि भास-भ्रम आटोक्यात येऊ लागले. हात थरथरणं, अंग आखडणं हे दुष्परिणामही आले. १९६०च्या दशकाअखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास सुरू केला. त्यात आग्र्याचेही रुग्ण होते आणि त्यांच्यापैकी अनेकांची पुढची वाटचाल श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा चांगली दिसली. कुटुंबाचा आधार हे त्याचं एक कारण मानलं गेलं, त्यावर वादही झाले.

२००१ मध्ये तामिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवलेल्या निवाऱ्यात आग लागली. साखळदंडांत अडकलेले २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीवर बंदी घातली. शिवाय प्रौढ व्यक्तीला आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा आणि स्वतःचा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते नकोत, हे मन थाऱ्यावर असतानाच लिहून ठेवता येतं.

संशयाच्या रुग्णासाठी यापेक्षा मोलाची तरतूद नाही, कारण पुढच्या झटक्यात ऐकायचा असतो तो त्याचाच शब्द. पांडेपूरला असो की बनारस हिंदू विद्यापीठाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात, बरं वाटू लागलेल्या प्रत्येकाला गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर हा निर्देश कसा लिहायचा तेही सांगितलं गेलं पाहिजे, आणि तेही घरच्यांना शेजारी बसवून.